एकसारख्या दिसणाऱ्या पेंग्विनांतून प्रजाती कशी वेगळी काढावी

मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली आणलेले पेंग्विन हम्बोल्ट प्रजातीचे आहेत, हे बहुतेक मुंबईकरांना ठाऊक असते. मात्र त्यांच्या शेजारी एक मॅगेलन पेंग्विन आणि एक आफ्रिकन पेंग्विन आणून उभा केला, तर तिघांतला फरक चटकन सांगता येईल असे नाही. पक्ष्यांच्या मार्गदर्शक पुस्तकांत उत्तर सोपे असते: मॅगेलनच्या छातीवर दोन काळे पट्टे, हम्बोल्टच्या छातीवर एकच, आफ्रिकनच्याही छातीवर एकच, आणि उरलेला निर्णय चोचीच्या बुडाशी व डोळ्यांभोवती दिसणाऱ्या गुलाबी कातडीवरून घ्यावा. तथापि आफ्रिकन पेंग्विनांच्या वसाहतींत अधूनमधून दोन पट्ट्यांचा पक्षी निघतो, आणि चिलीच्या किनाऱ्यावर हम्बोल्ट व मॅगेलन यांची जोडी जमून संकर पिल्ले झाल्याच्या नोंदी आहेत. तरीही या तीन प्रजाती वेगळ्या मानण्याबद्दल शास्त्रज्ञांत वाद नाही. याउलट पेंग्विनांचे काही गट असे आहेत की त्यांतले पक्षी कोणाही प्रवाशाला एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटतील, पण त्यांत दोन, तीन किंवा चार प्रजाती दडल्या असाव्यात असे अभ्यासक म्हणतात. हा निष्कर्ष ज्या कामातून निघतो त्या कामाचा क्रम, त्यातली साधने आणि त्यातले खड्डे पुढे सांगितले आहेत. मुख्य उदाहरण जेंटू पेंग्विनाचे घेतले आहे.

शब्दाविषयी एक खुलासा आधीच केलेला बरा. मराठी विश्वकोशात 'स्पीशीज'साठी 'जाती' आणि 'जीनस'साठी 'प्रजाती' असे शब्द योजले आहेत, पण वर्तमानपत्रांत आणि बोलण्यात 'प्रजाती' हाच शब्द 'स्पीशीज' या अर्थाने रुळला आहे. या लेखात तोच रुळलेला अर्थ घेतला आहे.

प्रश्न नेमका करून घ्यावा

'हा पक्षी कोणत्या प्रजातीचा?' आणि 'हे सगळे पक्षी एकाच प्रजातीचे आहेत का?' हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर पुस्तक देते. दुसऱ्याचे उत्तर शोधताना पुस्तकावरच शंका घ्यायची असते, आणि म्हणून प्रजाती म्हणजे काय मानायचे हे आधी ठरवावे लागते. अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये मांडलेली व्याख्या सर्वांत प्रसिद्ध आहे: निसर्गात आपसात प्रजनन करणारा, आणि इतर अशा गटांपासून प्रजननाच्या दृष्टीने तुटलेला गट म्हणजे प्रजाती. एकाच किनाऱ्यावर राहणाऱ्या पक्ष्यांना ही कसोटी नीट लावता येते. पेंग्विनांचे दुखणे असे की त्यांचे बहुतेक संशयित गट हजारो किलोमीटर अंतरावरच्या बेटांवर राहतात. दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांचा जेंटू आणि दक्षिण हिंदी महासागरातल्या केर्गेलेन बेटांचा जेंटू एकमेकांना कधी भेटतच नाहीत. त्यामुळे भेटले असते तर त्यांनी जोडी जमवली असती का, हा प्रश्न प्रत्यक्ष पाहून सुटत नाही. प्राणिसंग्रहालयात त्यांना एकत्र ठेवून हे कळेल असे कोणी सुचवले तर ते मान्य करू नये, कारण निवड करायला दुसरा जोडीदारच नसलेल्या पिंजऱ्यात पक्षी जे करतो त्यावरून तो निसर्गात काय करेल हे ठरत नाही.

म्हणून गृहीतक असे लिहून काढावे: 'हे दोन गट इतका काळ आणि इतके पूर्णपणे वेगळे राहिले आहेत की त्यांचा पुढचा प्रवास आता स्वतंत्र आहे.' मग हे विधान खोटे ठरवण्याचा प्रयत्न करावा, आणि तो एका नव्हे, एकमेकांवर अवलंबून नसलेल्या अनेक पुराव्यांच्या आधारे करावा. आकार, हाक, विणीचा काळ आणि डीएनए या चौघांनी स्वतंत्रपणे एकाच जागी रेघ ओढली, तर त्या रेघेला वजन येते. चौघांनी चार जागी ओढली, तर घाई करू नये.

जुनी नावे आधी वाचावीत

नवी प्रजाती सापडली असे वाटू लागले की पहिले काम जुन्या कागदांचे असते, कारण तिला दीडशे वर्षांपूर्वी कोणी नाव देऊन ठेवलेले असण्याची शक्यता मोठी असते. जेंटूला योहान राइनहोल्ड फॉर्स्टर यांनी १७८१ मध्ये शास्त्रीय नाव दिले आणि त्यात 'पापुआ' हा शब्द घातला, कारण त्याआधीच्या एका प्रवासवर्णनाने हा पक्षी पापुआत राहतो असा समज पसरवला होता. पापुआत एकही पेंग्विन राहत नाही. तरीही नाव बदललेले नाही, कारण प्राणिनामकरणाच्या नियमांत जुन्या वैध नावाला अग्रक्रम असतो आणि नाव अर्थाने चुकीचे असणे हे ते रद्द करण्याचे कारण ठरत नाही. 'जेंटू' या बोलीनावाची गोष्ट तर आपल्या अधिकच जवळची आहे. पोर्तुगीज 'जेंतियु' या शब्दावरून आलेला हा शब्द अठराव्या शतकात युरोपीय लोक हिंदूंसाठी वापरत. पक्ष्याच्या डोक्यावरची पांढरी पट्टी पागोट्यासारखी दिसल्याने तो त्याला चिकटला, असे सांगतात.

पुढे १८४८ मध्ये पील यांनी 'टेनिआटा' हे नाव दिले आणि १९४७ मध्ये मर्फी यांनी अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडच्या लहान चणीच्या पक्ष्यांना 'एल्सवर्थी' ही उपप्रजाती (प्रजातीच्या आतला वेगळा गट) म्हटले. त्यानंतर दीर्घकाळ दोनच उपप्रजाती मानल्या जात: साधारण ६० अंश दक्षिण अक्षांशाच्या उत्तरेला एक आणि दक्षिणेला दुसरी. या मांडणीत फॉकलंड, साउथ जॉर्जिया आणि केर्गेलेन ही तिन्ही ठिकाणे एकाच खान्यात पडत होती, हे लक्षात ठेवावे.

नावांबरोबर प्रमाणनमुनाही शोधावा. ज्या एका पक्ष्याच्या आधारे मूळ नाव दिले गेले, त्याचे कातडे एखाद्या संग्रहालयात असते किंवा निदान तो कोठून आणला याची नोंद असते. गट फोडायची वेळ आली की जुने नाव कोणत्या तुकड्याकडे जाणार हे त्यावरूनच ठरते.

नकाशा काढताना बेटांआधी पाणी काढावे

माझ्या मते या कामातली सर्वांत उपयोगी सवय ही आहे. जमिनीवरच्या प्राण्यांच्या बाबतीत डोंगर आणि नद्या पाहायच्या, तशा पेंग्विनांच्या बाबतीत पाण्याच्या सीमा पाहायच्या. दक्षिण महासागरात अंटार्क्टिकाभोवती एक ध्रुवीय सीमापट्टा आहे. तेथे दक्षिणेकडचे थंड पाणी उत्तरेकडच्या तुलनेने उबदार पाण्याला भेटून त्याखाली जाते, आणि थोड्याच अंतरात पृष्ठभागाचे तापमान दोन ते तीन अंशांनी बदलते. तापमानाबरोबर खाद्यही बदलते. फॉकलंड या पट्ट्याच्या उत्तरेला आहे, साउथ जॉर्जिया दक्षिणेला, आणि केर्गेलेन त्याच्या आसपास. त्याहून उत्तरेला उपोष्ण सीमापट्टा आहे आणि तो रॉकहॉपर पेंग्विनांच्या बाबतीत तितकाच महत्त्वाचा ठरतो: त्रिस्तान द कुन्हा, गफ, अ‍ॅम्स्टरडॅम व सेंट पॉल या बेटांवरचे रॉकहॉपर एकीकडे आणि अधिक दक्षिणेकडच्या बेटांवरचे दुसरीकडे.

नकाशावर सीमा दिसली म्हणजे प्रजाती वेगळी झाली असे मात्र नाही. पक्षी ती ओलांडतो का, हे त्याच्या स्वभावावर अवलंबून असते. जेंटू वर्षभर आपल्या वसाहतीच्या आसपास राहतो, फार दूर जात नाही आणि बहुधा जन्मस्थळाजवळच वीण करतो. त्यामुळे त्याच्यासाठी दोन बेटांमधला समुद्र ही भिंतच आहे. राजा पेंग्विन खाद्यासाठी शेकडो किलोमीटर भटकतो. त्याच्याही दोन उपप्रजाती नावाने मानल्या गेल्या, पण जनुकसंचाच्या (म्हणजे संपूर्ण डीएनएच्या) अभ्यासात दूरदूरच्या बेटांवरचे राजा पेंग्विन जवळपास एकाच मिसळलेल्या समुदायासारखे दिसले. समुद्र तोच असूनही निकाल असा वेगवेगळा लागतो, आणि म्हणून नमुने गोळा करण्याआधी पक्षी किती फिरतो हे वाचून घ्यावे.

भटका एखादा पक्षीही बरेच शिकवून जातो. केर्गेलेनवर एकदा उत्तरी रॉकहॉपरच्या रूपाचा एक पक्षी आढळला आणि त्याच्या डीएनएवरून तो सुमारे ६,००० किलोमीटर दूरच्या गफ बेटाचा असल्याचे कळले. म्हणजे अंतर पार करणे अशक्य नाही. येऊन पोहोचलेला पक्षी तेथे वीण करून आपली जनुके मागे ठेवतो का, हा खरा प्रश्न आहे.

मोजमाप घ्यावे, पण एकाच मापावर विसंबू नये

नेहमीची मापे चार आहेत: चोचीची लांबी, चोचीची बुडाशी वरपासून खालपर्यंतची जाडी, फ्लिपरची (वल्ह्यासारख्या पंखाची) लांबी आणि वजन. चोचीसाठी कॅलिपर वापरावा आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत वाचन घ्यावे. शक्यतो सर्व पक्षी एकाच व्यक्तीने मोजावेत, किंवा दोघांनी काही पक्षी दोनदा मोजून आपापसातला फरक काढून ठेवावा. नाहीतर दोन बेटांतला फरक म्हणून छापलेली गोष्ट प्रत्यक्षात दोन माणसांच्या हातांतला फरक निघते.

हे घरबसल्या शिकायचे असेल तर अंटार्क्टिकातील पामर केंद्राजवळ २००७ ते २००९ या काळात मोजलेल्या ३४४ पेंग्विनांची माहिती खुली उपलब्ध आहे आणि संख्याशास्त्राच्या अनेक वर्गांत ती शिकवण्यासाठी वापरतात. तिच्यात १५२ अ‍ॅडेली, ६८ चिनस्ट्रॅप आणि १२४ जेंटू आहेत. हे तिघे चेहऱ्यावरूनच ओळखू येतात, म्हणजे उत्तर आधीच माहीत आहे, आणि सरावाला तेच हवे असते. नावांचा रकाना झाकून नुसत्या मापांवर तीन गट निघतात का ते पाहावे. चोचीची सरासरी लांबी अ‍ॅडेलीत सुमारे ३९ मिलिमीटर, चिनस्ट्रॅपमध्ये ४९ आणि जेंटूत ४७.५ आहे, म्हणजे या एका मापावर चिनस्ट्रॅप आणि जेंटू एकमेकांत मिसळून जातात. चोचीची जाडी अ‍ॅडेली व चिनस्ट्रॅप दोघांत १८ मिलिमीटरच्या थोडी वर आणि जेंटूत १५ आहे. म्हणजे या मापावर पहिले दोघे मिसळतात. दोन्ही मापे एकाच आलेखावर मांडली की तीन ढग बऱ्यापैकी सुटे होतात.

त्याच आलेखात आणखी एक धडा आहे. सर्व ३४४ पक्षी एकत्र धरले तर चोच जितकी लांब तितकी ती बारीक, असा कल दिसतो. प्रत्येक प्रजाती स्वतंत्र पाहिली तर कल नेमका उलटा होतो: लांब चोच जाडही असते. संशयित गटात असा उलटा कल दिसला तर आपण नकळत दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या आहेत का, याची शंका घ्यावी.

आता खड्डे. नर मादीपेक्षा मोठा असतो, पण पेंग्विनांत नर-मादी दिसायला जवळजवळ सारखे असल्याने एका बेटावरून जास्त नर आणि दुसऱ्यावरून जास्त माद्या मोजल्या गेल्याचे लक्षातही येत नाही. म्हणून लिंग डीएनएवरून ठरवून घ्यावे. वय पाहावे. अ‍ॅडेलीच्या पिसे फुटून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुण पक्ष्याचा गळा पांढरा असतो आणि अनोळखी नजरेला तो वेगळाच पक्षी वाटतो. पीसगळतीपूर्वी रंग विटतो, आणि क्वचित रंगद्रव्याच्या उणिवेने एखादा पक्षी फिकट तपकिरी किंवा पिवळसर निघतो; त्यावरून काहीही ठरवू नये. संग्रहालयातले कातडे सुकून आकसते, तेव्हा जिवंत पक्ष्याची मापे आणि कातड्याची मापे एका तक्त्यात मिसळू नयेत. वजन तर दिवसागणिक बदलते. अंड्यांवर आठवडाभर उपाशी बसलेला आणि नुकताच पोट भरून आलेला एकच पक्षी दोन प्रजातींचा वाटावा इतका फरक पडू शकतो.

जेंटूच्या बाबतीत मापांनी एक अनपेक्षित गोष्ट दाखवली होती. थंड प्रदेशात शरीर मोठे होते हा प्राण्यांतला परिचित कल, पण दक्षिणेकडचा जेंटू उत्तरेकडच्यापेक्षा लहान आणि आखूड चोचीचा आहे. मर्फी यांची उपप्रजाती उभी राहिली ती याच्याच आधारावर. मात्र आकार हा हवामान व खाद्याच्या दबावाखाली लवकर बदलणारा गुण आहे, आणि एकट्या आकारावर प्रजाती उभी केली तर ती पुढच्या पिढीचा अभ्यासक पाडण्याची शक्यता बरीच असते.

हाक ऐकावी, वीण केव्हा होते ते लिहावे

हजारोंच्या गर्दीत पेंग्विन आपला जोडीदार हाकेवरून शोधतो. हाकेचा मूळ साचा बहुतांशी उपजत असल्यामुळे ती अभ्यासकासाठी फार मोलाची आहे: दोन बेटांवरच्या हाका वेगळ्या असतील तर त्यामागे वारसा असण्याची शक्यता मोठी असते, आणि जोडीदाराची निवडही तिच्यावरच चालते. ध्वनिमुद्रण करताना वारा अडवणारे आवरण माइकवर असावे, हाक कोणत्या प्रसंगाची आहे ते (जोडीदाराला बोलावण्याची, भांडणाची की पिल्लाला साद घालण्याची) लिहावे, आणि सारख्या प्रसंगांच्या हाकांचीच तुलना करावी. नंतर संगणकावर लांबी, कंपनसंख्या आणि तुकड्यांची लय मोजता येते. त्यापुढची पायरी म्हणजे मुद्रित हाक वसाहतीत वाजवून पाहणे: आपल्या बेटाची हाक, परक्या बेटाची हाक आणि तुलनेसाठी भलत्याच प्रजातीची हाक, असे तीन प्रकार क्रम बदलत वाजवून पक्षी मान वर करतो का, प्रत्युत्तर देतो का हे नोंदवावे. भलत्या प्रजातीची हाक वगळली तर पक्षी हाकेला उत्तर देतो आहे की कर्ण्यातून आलेल्या कोणत्याही आवाजाला, हे कळत नाही.

उत्तरी रॉकहॉपर वेगळा ठरण्यात हाकेचा वाटा मोठा होता. २००६ मध्ये झुव्हँतँ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की त्याच्या डोक्यावरचा पिवळा तुरा अधिक लांब आहे, हाक वेगळी आहे, आणि डीएनएही त्याच दिशेला बोट दाखवतो. तुरा आणि हाक हे दोन्ही जोडीदार निवडण्याचे संकेत आहेत, म्हणून चोचीतल्या दोन मिलिमीटरपेक्षा त्यांतल्या फरकाला अधिक वजन द्यावे.

विणीचे वेळापत्रकही लिहून ठेवावे. दूर उत्तरेकडच्या काही बेटांवर जेंटू दक्षिणेकडच्या हिवाळ्यातच अंडी घालतो, तर अंटार्क्टिक द्वीपकल्पावर बर्फ हटल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. एकमेकांच्या हंगामाबाहेर वीण करणारे गट शेजारी राहिले तरी सहज मिसळणार नाहीत. केवळ हवामानानुसार पुढेमागे होणाऱ्या तारखांना मात्र प्रजातीचा पुरावा समजू नये.

डीएनए: किती, कोठून आणि कशाचा

अंटार्क्टिक करारक्षेत्रात पक्ष्याला हात लावण्यापूर्वीच परवानगी लागते. परवानगी मिळाल्यावर पायातील किंवा फ्लिपरमधील शिरेतून थोडेसे रक्त घ्यावे, ते अल्कोहोलमध्ये किंवा योग्य द्रावणात ठेवावे आणि डबीवर पक्ष्याचा क्रमांक, वसाहत व तारीख घालावी. एकाच घरट्यातली दोन पिल्ले किंवा आई आणि पिल्लू घेऊ नयेत. नातेवाईक मोजले की गट आहे त्यापेक्षा एकजिनसी भासतो.

पूर्वी बहुतेक काम मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांच्या, डीएनएवर चाले. तो पेशीत विपुल असतो, जुन्या नमुन्यांतूनही मिळतो आणि त्याची तुलना स्वस्त पडते. पण तो फक्त आईकडून येतो, म्हणजे कुटुंबाचा इतिहास एकाच बाजूने सांगणाऱ्या आजीसारखा. नर बेटे बदलत असतील आणि माद्या नसतील, तर या डीएनएला दोन बेटे पूर्ण तुटलेली दिसतील. म्हणून आता केंद्रकातील डीएनएवरची हजारो ठिकाणे एकाच वेळी वाचतात आणि तीन प्रश्न विचारतात. कोणत्या पक्ष्याचे कोणाशी अधिक साम्य आहे? कोणत्या पक्ष्याचा वारसा मिश्र आहे? आणि गट केव्हापासून वेगळे झाले असावेत?

येथे सर्वांत मोठी चूक नकाशावरच होते. समजा एक प्रजाती सलग पसरली आहे आणि तिच्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू बदल होतो. नमुने फक्त दोन टोकांहून आणले तर संगणक दोन स्वच्छ गट दाखवेल, आणि मधल्या वसाहतींचे नमुने घातले की तेच गट एकमेकांत विरघळतील. म्हणून मधल्या बेटांवर जावे. तेथे जाता येत नसेल तर निदान अंतर वाढेल तसा फरक वाढतो का हे तपासावे. अंतराने समजावता येण्यापेक्षा फरक अधिक असेल तरच सीमेची भाषा करावी. शिवाय संगणकाने 'चार गट' म्हटले म्हणजे चार प्रजाती झाल्या असे नाही. पुरेसा डीएनए वाचला तर शेजारच्या दोन वसाहतींतही फरक सापडतो.

२०२० मध्ये जोश टायलर, जेन यंगर आणि सहकाऱ्यांनी जेंटूवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मापे आणि डीएनए या दोन्ही वाटा एकत्र आल्या. जनुकसंचभर पसरलेल्या ठिकाणांवरून फॉकलंड, साउथ जॉर्जिया, केर्गेलेन आणि साउथ शेटलंड बेटे व अंटार्क्टिक द्वीपकल्प असे चार वेगळे गट निघाले, आणि संग्रहालयांतल्या नमुन्यांच्या मापांतही चार गटांत फरक दिसला. जुन्या दोन उपप्रजातींच्या मांडणीत एका खान्यात असलेली तीन ठिकाणे अशी तीन बाजूंना गेली. अभ्यासकांनी चार प्रजाती सुचवल्या: फॉकलंडकडे 'पापुआ' हे मूळ नाव राहिले, 'एल्सवर्थी'ला उपप्रजातीवरून बढती मिळाली, केर्गेलेनच्या पक्ष्यासाठी पील यांचे १८४८चे 'टेनिआटा' पुन्हा वापरात आले, आणि साउथ जॉर्जियाच्या पक्ष्यासाठी एकही जुने नाव उपलब्ध नसल्याने 'पोन्सेटी' हे नवे नाव सॅली व जेरोम पोन्से यांच्या सन्मानार्थ देण्यात आले. जुनी नावे आधी वाचावीत असे वर म्हटले आहे त्याचे कारण येथे दिसते. चार प्रजातींपैकी फक्त एकीला नवे नाव लागले.

हाडे बोलतात तेव्हा

जिवंत पक्ष्यांचा आजचा नकाशा नेहमीचाच होता असे गृहीत धरू नये. न्यूझीलंडच्या ओटागो किनाऱ्यावरचे छोटे निळे पेंग्विन डीएनएवरून ऑस्ट्रेलियातील वंशाचे निघाले, तेव्हा ते तेथे अनंत काळापासून असावेत असा समज होऊ शकला असता. पुरातत्त्वीय उत्खननांत मिळालेल्या जुन्या हाडांचा डीएनए वाचल्यावर कळले की ते इ.स. १५०० ते १९०० या काळात कधीतरी येऊन स्थिरावले आणि त्याआधी तेथे न्यूझीलंडचाच वंश होता. याच देशातल्या बँक्स द्वीपकल्पाकडील पांढऱ्या कडांच्या फ्लिपरचा छोटा पेंग्विन डोळ्यांना अगदी वेगळा वाटतो, पण डीएनएत तो न्यूझीलंडच्या वंशातच सामावतो. डोळ्यांनी काढलेली रेघ आणि डीएनएने काढलेली रेघ येथे एकमेकींना छेद देतात.

वाइताहा पेंग्विन हा असाच शोध. २००९ मध्ये बुसेनकुल आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमधील जुन्या हाडांचा डीएनए व आकार पाहून सांगितले की मानवी वस्तीपूर्वी तेथे पिवळ्या डोळ्यांच्या पेंग्विनाहून लहान असा एक वेगळा पक्षी होता आणि तो माणूस आल्यावर काही शतकांत नष्ट झाला. त्यांनी त्याला प्रजाती म्हटले. २०१९ मध्ये अधिक पूर्ण मायटोकाँड्रियल जनुकसंच वाचल्यावर त्याला उपप्रजातीच्या पायरीवर आणण्यात आले. त्याच कामात चॅटम बेटांवरचा एक नामशेष तुरेवाला पेंग्विन मात्र नवी प्रजाती म्हणून पुढे आला.

सर्वांत शिकवणारे उदाहरण हंटर बेटाचे आहे. टास्मानियाजवळच्या या बेटावर सापडलेल्या थोड्या हाडांवरून १९८३ मध्ये एका नामशेष पेंग्विनाचे वर्णन करण्यात आले आणि त्याला स्वतंत्र 'जीनस'चे नावही मिळाले. २०१८ मध्ये त्यांतल्या चार हाडांचा डीएनए वाचला तेव्हा ती आजही जिवंत असलेल्या तीन वेगवेगळ्या प्रजातींची निघाली: फियॉर्डलंड पेंग्विन, स्नेअर्स पेंग्विन आणि छोटा पेंग्विन. तीन पक्ष्यांचे अवशेष जोडून चौथा पक्षी तयार झाला होता. तेव्हा सुटी हाडे एकाच पक्ष्याची आहेत हे सिद्ध होईपर्यंत प्रत्येक हाड स्वतंत्र पक्षी मानावे.

निर्णय लिहिताना

दूरच्या बेटांवरच्या गटांसाठी टोबायस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये गुणांची एक पद्धत मांडली. फरक किरकोळ असेल तर १, मध्यम असेल तर २, मोठा असेल तर ३ आणि असाधारण असेल तर ४ गुण द्यायचे. आकार, रंग-रूप, आवाज, स्वभाव व परिसर आणि भौगोलिक संबंध यांचे गुण मिळवून ७ झाले तर प्रजाती मानायची. पक्ष्यांच्या जागतिक संवर्धनयादीत ही पद्धत वापरली गेली आहे. तिचा गुण असा की निर्णयामागचे वजन सर्वांना दिसते. उणीव अशी की तिच्यात डीएनए मोजला जात नाही, आणि एकसारख्या दिसणाऱ्या पेंग्विनांत नेमका तोच पुरावा सर्वांत बलवान असतो. म्हणून ही बेरीज करावी, पण ती डीएनएच्या निकालाशेजारी ठेवूनच वाचावी.

पुरावे एकमेकांशी भांडत असतील तर तसे लिहावे. मॅक्वारी बेटावरचा पांढऱ्या चेहऱ्याचा रॉयल पेंग्विन आणि काळ्या चेहऱ्याचा मॅकरोनी पेंग्विन यांचा फरक लांबूनही दिसतो, मात्र डीएनएत तो अगदी थोडा आहे आणि दोन्हीकडे मधल्या रंगाचे चेहरेही आढळतात. काही याद्या त्यांना दोन प्रजाती मानतात, काही एकच. रॉकहॉपरच्या दोन की तीन प्रजाती आणि जेंटूची एक की चार, यांवरही सर्व याद्यांचे एकमत झालेले नाही. जगात पेंग्विनांच्या प्रजाती किती या प्रश्नाला बहुधा १८ असे उत्तर मिळते, पण यादी बदलली की आकडा एकदोनाने हलतो तो यामुळेच.

या टप्प्यावर एक मोह आवरावा लागतो. गट फोडला की त्याची लोकसंख्या कमी भरते आणि त्याला अधिक संरक्षण मिळू शकते. उत्तरी रॉकहॉपर स्वतंत्र मानल्यावर तो धोक्यातील प्रजाती ठरला आणि त्याच्याकडे लक्ष गेले, हे चांगलेच झाले. तरीही संरक्षण हवे म्हणून प्रजाती वेगळी काढणे चुकीचे आहे, कारण तशी रेघ एकदा खोटी ठरली की पुढच्या खऱ्या रेघेवरही कोणी विश्वास ठेवत नाही. उपप्रजातीला किंवा एखाद्या बेटावरच्या वसाहतीलाही संरक्षण देता येते, आणि तसे ते मागावे.

निर्णय प्रसिद्ध करताना प्रमाणनमुना संग्रहालयात ठेवावा, मापांचा तक्ता, ध्वनिमुद्रणे आणि डीएनएच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या कराव्यात आणि कोणत्या बेटांचे नमुने घेता आले नाहीत ते स्पष्ट लिहावे. जेंटूच्या अभ्यासानंतर इतरांचे लक्ष क्रोझे, मॅरियन आणि मॅक्वारी बेटांवरच्या पक्ष्यांकडे वळले ते अशाच मोकळ्या राहिलेल्या जागांमुळे. आणि ज्यांना यांतले काहीच करायचे नाही, नुसती जहाजाच्या कठड्याशी उभे राहून वही भरायची आहे, त्यांनीही एवढे करावे: 'जेंटू' लिहून थांबू नये, 'जेंटू, साउथ जॉर्जिया' असे बेटाचे नाव, तारीख आणि वसाहतीच्या जागेसह लिहावे, म्हणजे उद्या यादीत एक जेंटू राहिला काय किंवा चार झाले काय, ती नोंद योग्य खान्यात घालता येईल.